थंड आणि कोरडी जागा

माझ्या थोरल्या लेकीची मुलगी सारिका, तिचं लग्न झालं ते वर्ष २०२३. महिना मे, भुसावळचं मंगल कार्यालय. पंगत वरच्या मजल्यावर होती. माझी सून दिपमाला पोळ्यांची टोपली घेऊन जिना चढत-उतरत होती. तिसऱ्या फेरीला ती मधल्या पायरीवर बसली ती उठेचना. ओठ जांभळे पडलेले. बायका म्हणाल्या, उपाशी असेल, साखर घाला तोंडात. मी तीस वर्षं दाईपण केलं. भुकेने बाई कशी दिसते ते मला माहीत आहे. ही भूक नव्हती.

जळगावच्या हृदयाच्या डॉक्टरने छातीला यंत्र लावून पाहिलं आणि विचारलं, "लहानपणी हिचे सांधे सुजायचे का?" सुजायचे. माहेर धुळ्याजवळच्या खेड्यात, सात बहीणभावंडं, कोण बघतं सांधे. डॉक्टर म्हणाला, त्या तापानेच हृदयाची एक झडप आकसली आहे. नाशिकला नेऊन फुग्याने ती उघडावी लागेल. सरकारी योजनेत होईल, पण नंबर लागेल. मग प्रेमराजकडे, म्हणजे माझ्या मुलाकडे, बघून तो सावकाश बोलला, "झडप उघडेपर्यंत हिला दिवस जाता कामा नयेत. गेले तर बाई वाचेलच असं मी सांगणार नाही."

नशिराबादला चहाला थांबलो तेव्हा प्रेमराज म्हणाला, "डॉक्टर लोक घाबरवतातच, माय. दोन झाल्या ना तिले, काही झालं का?"

दोन मुली झाल्या होत्या, खरं आहे. दोन्ही वेळा शेवटचे दोन महिने ती उशीला टेकून बसून झोपली होती. ते त्याला माहीत नव्हतं. तो केळीचा ट्रक घेऊन सावद्याहून दिल्लीला जातो, पंधरा दिवसांतून दोन दिवस घरी असतो.

नाशिकचा पहिला नंबर लागला, पण अंगात रक्त कमी म्हणून परत पाठवलं. दुसरा मिळाला तो ऑक्टोबर २०२४ चा. तेवढे दिवस काढायचे होते. बस, एवढंच काम होतं आमच्यापुढे. ऑक्टोबरपर्यंत दिपमालाचं पोट रिकामं ठेवायचं.

गोळ्या डॉक्टरने बंद केल्या, रक्ताची गाठ होईल म्हणून. तांबीला नको म्हणाला, रक्त आधीच कमी. तीन महिन्यांचं इंजेक्शन घेतलं तर दोन महिने तिच्या अंगावरून थांबलंच नाही. बाईच्या नसबंदीला झडप उघडल्याशिवाय हात लावायला कोणी तयार नव्हतं. राहिला प्रेमराज. मी त्याला समोर बसवून सांगितलं, तू ऑपरेशन करून घे, दहा मिनिटांचं काम आहे.

"बैल समजतेस का मले?" तो म्हणाला. "बडवून घेऊ?"

"बैलाला दुसऱ्याच्या जिवाची पर्वा नसते हे निदान आपल्याला माहीत असतं," मी म्हटलं.

तो ताटावरून उठून गेला. निरोध त्याच्या बॅगेत मी ठेवायचे. ते तसेच परत यायचे. एकदा मात्र ते आले नाहीत, आणि महिनाभराने दिपमालाला खाली जळजळ सुरू झाली, पिवळं जायला लागलं. म्हणजे ते कुठेतरी टाकून दिले होते, बाहेर वापरायचे तिथे वापरले नव्हते, आणि घरी रोग आणला होता. त्यावर औषध झालं. प्रेमराजला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही विचारलं, ते आज लिहिताना लाज वाटते.

२०२३ च्याच दिवाळीनंतर एक संस्था सावद्याला आली. नाव लिहीत नाही. एका नवीन जेलचा अभ्यास करायचा होता. ते बाईने स्वतः नळीने आत घालायचं, नवऱ्याजवळ जाण्याआधी. त्याने गर्भ राहत नाही आणि काही रोगही लागत नाहीत, असं त्यांना तपासून बघायचं होतं. गावागावात बायकांच्या घरी जाऊन कागद भरणारी 'सखी' हवी होती. मी एक्कावन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात अक्षरं शिकले आणि तोवर सगळ्या गावाची बाळंतपणं केली होती, म्हणून त्यांनी मला घेतलं.

पहिली बैठक सावद्याच्या भाड्याच्या खोलीत झाली. जळगावच्या मॅडम समजावून सांगत होत्या की बाईच्या अंगात मुळात एक आंबटपणा असतो, तो तिला सांभाळतो. पुरुषाजवळ गेल्यावर तो कमी होतो. हे जेल तो टिकवून धरतं.

"म्हनजे आंबट औशद शे का?" दिपमालाने विचारलं. ती धुळ्याकडची, तिच्या तोंडी अहिराणी. आमच्याकडच्या बाया तिच्या बोलण्याला हसायच्या.

साबेरा मागून म्हणाली, "आंबटच पाहिजे तर ताक काय वाईट आहे, मॅडम? घरचंच असतं." साबेरा सावद्याचीच, नवरा रहीम शिंपी, चार पोरं. सगळी खोली हसली. मॅडमही हसल्या.

"ताक तुम्ही प्या. हे वापरा. आणि सोबत निरोधही वापरा."

"निरोध वापरणारा नवरा असता तर मी सकाळपासून इथं बसले असते का?"

"नवऱ्याला कळतं का हे?" कोणीतरी हळूच विचारलं.

"कळू नये असंच बनवलंय. पण सांगितलेलं बरं."

"रहीमला सांगू?" साबेरा म्हणाली. "त्याच्या पोटात बाईच्या ब्लाऊजचं माप राहत नाही. आख्ख्या मोहल्ल्याला कळेल."

त्या दिवशी घरी येताना दिपमाला रिक्षात माझा हात धरून बसली होती. कोणाला विचारायचं नाही, कोणाची हांजी हांजी करायची नाही, आपल्या हाताने घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. असं औषध मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. असं असतं तर माझ्या हाताखाली गेलेल्या कितीतरी बाया आज असत्या.

आता माझी चूक लिहिते. नाव घालायच्या कागदावर प्रश्न होता, हृदयाचा काही आजार आहे का. आहे म्हटलं असतं तर तिला घेतलं नसतं. मी 'नाही' लिहिलं. स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात. त्यांच्या डॉक्टरने खालून तपासलं, रक्त घेतलं, लघवी घेतली. छातीला नळी लावली नाही. लावली असती तर त्याच दिवशी कळलं असतं. मी खोटं लिहिलं आणि त्यांनी तपासलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

जानेवारी ते मार्च सगळं बरं चाललं. माझ्याकडे एकतीस बाया होत्या. वापरलेली नळी प्रत्येकीने परत द्यायची. जळगावला ती रंगाच्या पाण्यात बुडवून बघायचे. आत घातलेली असेल तर रंग चढतो, नुसतीच दाबून टाकली असेल तर चढत नाही. दर महिन्याला लघवीची तपासणी. तीन महिन्यांत एकतीसपैकी एकीलाही दिवस गेले नाहीत. दिपमालाची जळजळही परत आली नाही.

मार्चच्या शेवटी ऊन चढलं. डब्यावर लिहिलं होतं, तीस डिग्रीच्या खाली, थंड व कोरड्या जागी ठेवावे. आमच्याकडे फ्रीज आहे, पण त्यात पोरी पाण्याच्या बाटल्या शोधत असतात, प्रेमराज बर्फ शोधतो. निम्म्या बायांकडे फ्रीजच नाही. यावर उपाय दिपमालाने काढला. केळीच्या घडाला डाग पडू नयेत म्हणून घालतात त्या प्लास्टिकच्या पिशव्या घरात पडलेल्या असतात. तिने एका पिशवीत नळ्या घातल्या, तोंडाला पीळ देऊन सुतळीने बांधलं आणि माठाखालच्या ओल्या रेतीत पुरलं.

"तठे कोन देखस?" ती म्हणाली. तिथे कोण बघतंय.

खरं होतं. पुरुष माठातलं पाणी पितात, माठाखाली बघत नाहीत. आठ दिवसांनी मी एक नळी काढून गालाला लावली. माठाच्या पाण्याइतकी गार. जेल जसंच्या तसं, घट्ट दह्यासारखं. मी घरोघरी जाऊन सगळ्यांना तसंच करायला सांगितलं. आठवडाभरात एकतीस घरांच्या माठांखाली एकतीस पिशव्या गेल्या. मला वाटलं, जळगावला सांगितलं तर ते खूश होतील.

सोळा एप्रिलला भूषण सर पाहणीला आले. ते आमचे साहेब, अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, जळगावचा. वाईट नव्हता. पण पुढच्या आठवड्यात त्याच्या वरची माणसं तपासणीला येणार होती आणि त्याचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता. साबेराच्या घरी तिने मोठ्या हौसेने माठ सरकवून पिशवी काढून दाखवली.

"हे काय आहे?" भूषण सर म्हणाले.

"आमचा फ्रीज," साबेरा म्हणाली.

"भागाबाई, हे तुम्ही शिकवलंत? इथे ओल आहे. डब्यावर काय लिहिलंय? कोरड्या जागी."

"थंडही लिहिलंय, सर."

"थंड आणि कोरड्या. दोन्ही."

"सर," मी म्हटलं, "आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये जी जागा थंड ती ओली, आणि जी कोरडी ती तापलेली. दोन्ही एकत्र असलेली जागा तुम्ही मला या घरात दाखवा. मी तिथे ठेवते."

त्यांनी खरंच इकडे तिकडे पाहिलं. वर पत्रे. एका भिंतीला शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीला पेटी.

"पेटीत ठेवा," ते म्हणाले. "कपड्यांच्या मध्ये."

"पेटीवर हात ठेवून बघा, सर. पोळी भाजेल," साबेरा म्हणाली.

"हे बघा, मी नियम केलेला नाही. वरून आलाय. रेतीत ठेवलेलं दिसलं तर सगळ्या बायांची नावं काढतील. मग काय कराल?"

नावं काढतील म्हटल्यावर माझी बोलती बंद झाली. साबेरा माझ्याकडे बघत राहिली, भागाक्का आता काहीतरी बोलेल म्हणून.

जो लहानपणी अक्षर शिकला त्याला कागदाची भीती नसते. तो कागद चुरगाळतो, त्यावर भेळ खातो. माझं तसं नाही. मला छापलेलं खरं वाटतं. आयुष्यभर मी हाताला जे लागलं त्यावर विश्वास ठेवला, पोटावर हात ठेवून बाळ आडवं आहे की उभं ते सांगितलं आणि ते कधी चुकलं नाही. आणि त्या दिवशी गालाला गार लागलेल्या नळीपेक्षा मला डब्यावरची ओळ मोठी वाटली. मी एकतीस घरं परत फिरले आणि एकतीस पिशव्या रेतीतून काढायला लावल्या.

घरी दिपमाला अडून बसली. "ऱ्हाऊ द्या ना, आत्याबाई. आपला घरना माठ शे. कोन इन?" कोण येणार आहे आपल्या घरी.

"कागदावर कोरडी लिहिलंय," मी म्हटलं. "मीच नियम मोडला तर बाकीच्यांना काय सांगू?"

तिने पिशवी पुसली आणि लग्नातल्या पेटीत ठेवली. तिला मी तिच्याच शहाणपणाबद्दल गप्प केलं.

वरची माणसं आली, पेट्या बघून खूश झाली आणि गेली. मग ऊन पंचेचाळीसवर गेलं. दुपारी आमच्या घरात पत्र्याखाली उभं राहवत नाही, भिंतीसुद्धा गरम हवा सोडतात. मेच्या पहिल्या आठवड्यात दिपमालाने मला मोरीत बोलावलं आणि एक नळी दाबून दाखवली. जेल नव्हतं. पाणी होतं, जरासं चिकट, बोटांतून निथळून गेलं.

"बठ्ठं पानी व्हई गयं, आत्याबाई."

मी उरलेल्या बायांकडे गेले. तेवीसजणींकडे तीच गत. आत राहतच नाही, पायावरून ओघळून जातं म्हणाल्या. मी प्रत्येकीच्या कागदावर तारीख घालून लिहिलं, 'जेल पातळ झाले.' त्यासाठी रकाना नव्हता म्हणून कडेच्या मोकळ्या जागेत लिहिलं. भूषण सरांनी कागद घेतले, पेन काढलं आणि माझ्या प्रत्येक ओळीवर एकेक रेघ मारली.

"रकान्याबाहेर लिहायचं नसतं, भागाबाई. वापरलं का, हो की नाही, एवढंच. सगळा कागद बाद होतो नाहीतर."

"पण पातळ झालंय ते कुठे लिहू?"

"मी तोंडी कळवतो. नवीन डबे मागवतो."

नवीन डबे आले नाहीत. माझ्या घरच्या वहीत मात्र मी तेवीस नावं आणि तारखा उतरवून ठेवल्या होत्या. त्या वहीला रकाने नाहीत.

दहा मेला आखाजी होती, म्हणजे अक्षय तृतीया. आखाजीला खानदेशातली कोणतीही लेक सासरी राहत नाही. दिपमाला दोन्ही पोरींना घेऊन धुळ्याकडे माहेरी गेली. जाताना मी म्हटलं, डॉक्टरने काय सांगितलंय ते लक्षात ठेव. ती हसली, पिशवीवर थाप मारून म्हणाली, हाई शे ना. हे आहे ना. पाणी झालेलं औषध घेऊन ती बसने पाच तास उन्हातून गेली. नवीन डबे येतील, तोवर थोडा तरी गुण असेल, असं मीच तिला सांगितलं होतं. प्रेमराज दिल्लीहून परस्पर तिला आणायला गेला आणि तिथे तीन दिवस राहिला. आली तेव्हा तिने रुमालाची गाठ सोडून माझ्यासमोर नऊ रिकाम्या नळ्या ठेवल्या. बाकीच्या कितीतरी बायांनी माहेरी नळ्या तिकडेच उकिरड्यात टाकल्या होत्या, भावाच्या घरून असलं काय परत आणायचं म्हणून. हिने एकही टाकली नव्हती.

तीन जूनला मी नळ्या द्यायला आणि लघवीच्या तपासणीला बाया घेऊन सावद्याला गेले. खोलीला कुलूप. पाटी काढलेली. फोनवर भूषण सर म्हणाले, "अभ्यास थांबलाय. वरून निर्णय आहे. पत्र येईल." आम्ही आठजणी त्या कुलपासमोर उन्हात उभ्या होतो. साबेरा म्हणाली, "लग्न मोडलं तरी निरोप येतो, भागाक्का."

साबेराला तेव्हा दिवस गेले होते. तिला जुलैमध्ये कळलं, रहीमला न सांगता तिने भुसावळला जाऊन मोकळं करून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी पायाने मशीन मारायला बसली.

दिपमालाची पाळी रक्त कमी असल्यापासून कधी वेळेवर नव्हतीच. मी मात्र रोज मनात म्हणायचे, औषध वापरतेय ना ती. दर महिन्याची तपासणी चालू असती तर जूनमध्येच कळलं असतं आणि सहा आठवड्यांचं काढणं सोपं होतं. कळलं ते ऑगस्टमध्ये, पाण्याची कळशी उचलताना ती परत जांभळी पडली तेव्हा. जळगावच्या डॉक्टरने रिपोर्ट टेबलावर आपटला. "मी काय मराठीत बोललो नव्हतो का?" तो प्रेमराजला म्हणाला. प्रेमराज मोबाईलमध्ये बघत होता. बाहेर आल्यावर तो तिला म्हणाला, "तूच म्हणत होतीस ना औषध घेते म्हणून?"

म्हणजे त्याला माहीत होतं. मी लपवलं, तिने लपवलं नव्हतं. आखाजीला तिने त्याला सगळं सांगितलं होतं, नळ्या दाखवल्या होत्या आणि हात जोडले होते, ऑक्टोबरपर्यंत थांबा म्हणून. हे तिने मला धुळ्याच्या दवाखान्यात सांगितलं. तिकडे तिला प्रेमराजनेच नेऊन टाकलं. 'आजारी पोरगी आमच्या गळ्यात मारली, आता तुम्ही बघा,' असं तिच्या म्हाताऱ्या बापाला, वना आबांना, सांगून तो गाडीवर निघून गेला. मी पोरींना शेजारी ठेवून तिच्यामागे धुळ्याला गेले.

फुप्फुसात पाणी झालं होतं. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, आधी पाणी उतरू दे, मग पोट मोकळं करू. आत्ता टेबलावर घेतलं तर तिथेच जाईल, नाशिकला हलवलं तर रस्त्यात जाईल. पाणी एक दिवस उतरायचं, दोन दिवस चढायचं. एका तरुण डॉक्टरीणबाईने विचारलं, "हृदयाचं माहीत होतं, तरी तुम्ही काहीच वापरलं नाही?"

नाकाला ऑक्सिजनची नळी असताना दिपमालाने तोंड वळवलं आणि म्हणाली, "मी एक बी येळा चुकनू नही." तेवढ्याने तिला धाप लागली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रेतीमाच ऱ्हावू देतू ते बरं व्हतं, आत्याबाई." रेतीतच राहू दिलं असतं तर बरं होतं. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला सोसलं असतं.

डिसेंबरमध्ये जळगावच्या एका हॉटेलात संस्थेने सगळ्या सख्यांना बोलावलं. समारोप म्हणे. तोवर माझं घर रिकामं झालं होतं. खुर्च्यांना पांढरे झगे, प्रत्येकीला एक गुलाब. त्याच मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. पडद्यावर आकडे आले. जेल अपेक्षेइतकं परिणामकारक ठरलं नाही, त्याचं मुख्य कारण म्हणजे बऱ्याच महिलांनी ते नियमित वापरलं नाही, असं त्यांनी वाचलं.

मी उभी राहिले. "कशावरून?"

"परत आलेल्या नळ्यांवरून, मावशी. मे महिन्यात चाळीस टक्के नळ्या परतच आल्या नाहीत. त्या न वापरलेल्या धरल्या."

"मे महिन्यात काय असतं आमच्याकडे?"

मॅडमना कळलं नाही. मागच्या सख्यांमधून आवाज आला, "आखाजी."

"आखाजी," मी म्हटलं. "माहेरी टाकल्या त्यांनी. आणि ज्या वापरल्या त्यात पाणी होतं." मी रुमाल सोडला आणि नऊ नळ्या त्यांच्या पांढऱ्या टेबलावर मांडल्या. "या माझ्या सुनेच्या. तुम्ही कुलूप लावलंत म्हणून माझ्याकडे राहिल्या. तुमच्या रंगात बुडवा आणि सांगा, वापरल्या की नाही." मग वही उघडून तेवीस नावं तारखांसकट वाचली. सुनेच्या हृदयाचं सांगितलं. रेतीचं सांगितलं. पेटीचं सांगितलं. माझ्या ओळींवर मारलेल्या रेघांचं सांगितलं. भूषण सर तिसऱ्या रांगेत होते, त्यांनी मान वर केली नाही.

मॅडम पांढऱ्या पडल्या. "हे आमच्यापर्यंत आलंच नाही, मावशी."

"आलं होतं. खोडून आलं."

"पण तुमच्या सुनेला हृदयाचा आजार होता असं आत्ता तुम्ही म्हणालात. मग ती अभ्यासात कशी?"

"मी खोटं लिहिलं म्हणून," मी म्हटलं. "तेही लिहा. माझ्या नावाने लिहा, भागाबाई चौधरी. पण त्याच्या खाली हे लिहा की बायकांनी वापरलं होतं. त्या चुकल्या नव्हत्या."

त्या म्हणाल्या, अहवाल गेला. आता त्यात काही घालता येत नाही. पुढच्या अभ्यासात नक्की लक्षात ठेवू.

पुढच्या अभ्यासात. मला त्या औषधाचा राग नाही. ते रेतीत असताना तीन आठवडे, आणि त्याआधी थंडीत तीन महिने, त्याने आमच्या एकतीस बायांना सांभाळलं. नवऱ्याची परवानगी न लागणारं औषध कोणी अजून बनवत असेल तर बनवावं, लवकर बनवावं. पण मे महिन्यात इथे येऊन, आमच्या पत्र्याखाली बसून बनवावं. आणि बाई 'पातळ झालं' म्हणाली तर ते लिहायला एक रकाना ठेवावा. गुलाब नको आम्हाला.

आठ दिवसांनी भूषण सर मोटारसायकलवर आमच्या गावी आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "नऊच्या नऊ रंगल्या," ते म्हणाले. "मी स्वतः बुडवल्या. सगळ्या वापरलेल्या होत्या."

"हे कुठे लिहिलंत?"

"लिहायला आता कागदच नाही ना, भागाबाई. काम बंद झालं."

मी आत जाऊन माझी वही आणली, कोरं पान काढलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्याउभ्या लिहिलं. नऊ नळ्या, नऊ रंगल्या, जेल पातळ झाल्याचे सखीने वेळेवर कळवले होते, मी ते खोडले. खाली सही, तारीख. मी ते दोनदा वाचलं. चहा दिला नाही.

प्रेमराज पंधरा दिवसांतून दोन दिवस घरी असतो. मी त्याला वाढते, बोलत नाही. त्याचे मित्र त्याच्यासाठी स्थळं बघताहेत. कोणी विचारायला आलं तर मी त्यांना ही वही वाचायला देते. आतापर्यंत दोघं वाचून परत गेले.

माझी सून दिपमाला प्रेमराज चौधरी, वय एकोणतीस, ही पोटातल्या चार महिन्यांच्या बाळासह गुरुवारी, १९ सप्टेंबर २०२४ रोजी, सकाळी नऊ वाजता धुळ्याच्या दवाखान्यात वारली.